एप्रिल-मेचा तक्ता अहवालातच राहू द्या

नाशिकहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा देते.

वय ४१. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतली नोकरी सोडून सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं: गावपातळीवरची सर्वेक्षणं, संस्था आणि कंपन्यांच्या प्रकल्पांचं मूल्यमापन. सगळं प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकटीच्या मालकीत. एक कायम सहायक, बाकी दहा-बारा सर्वेक्षक कामाप्रमाणे. गेल्या वर्षी उलाढाल ३४ लाख झाली, त्यातले २१ लाख एकाच कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीची कामं बघणाऱ्या, विभागाकडून आले. खर्च जाऊन हाती सहा लाखांच्या आसपास उरले. त्या विभागाचे अधिकारी म्हणतात, "मॅडम, किती दिवस एकटीने ओढणार? टीम वाढवा, पुण्यात ऑफिस घ्या, पुढची तीन वर्षं चार राज्यांचं काम तुमच्याकडेच." यजमानांचं म्हणणं, कर्ज काढू, अशी संधी परत येत नाही. बाईंना भीती वाटते की मग संशोधन बाजूला राहील आणि आपण फक्त पगार आणि पावत्या सांभाळत बसू. त्यांचा प्रश्न आहे: मोठं व्हावं, की आहे तसंच राहावं?

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: याच अधिकाऱ्यांनी मागच्या अहवालातला एक तक्ता काढून टाकायला सांगितलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ भागातल्या गावांत कंपनीने सौरपंप आणि टाक्या बसवल्या. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच गावांत नळाला पाणी नव्हतं, हे तो तक्ता दाखवतो. "पंप तर सगळे चालू आहेत ना, मग कशाला?" असं ते म्हणाले. "हे फार महत्त्वाचं नाही, पण मनात राहिलं आहे," असं बाई लिहितात.

नमस्कार.

तुमचं पत्र तीन पानांचं. त्यात ऑफिस, कर्ज आणि टीम यांवर अडीच पानं आणि तक्त्यावर चार ओळी. मी आधी त्या चार ओळींकडे येते, कारण अडीच पानांचं उत्तर तिथेच अडकलेलं आहे. तक्ता काढायला तुम्ही लगेच नाही म्हणाला नाहीत. पत्र वाचून माझा अंदाज असा की तक्ता राहिला पाहिजे हे तुम्हाला पटलं नव्हतं असं नाही. ६२ टक्के उत्पन्न ज्याच्या हातात आहे त्याला नाही म्हणायचं कसं, हे कळेना. मग विचार करा, ते ६२चे ८५ टक्के झाले, वर पुण्याच्या ऑफिसचं भाडं आणि कर्जाचा हप्ता आला, तर पुढचा तक्ता कुणाच्या सांगण्यावरून राहील किंवा जाईल?

हा अभ्यास कंपनी हौसेने करून घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, पण वाचकांसाठी सांगते. जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरचे नियम बदलले. ज्या कंपनीवरचं सीएसआर खर्चाचं बंधन मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे, तिने १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचा परिणाम-अभ्यास बाहेरच्या, स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचा, तोही प्रकल्प पूर्ण होऊन किमान वर्ष उलटल्यावर. तो अहवाल संचालक मंडळापुढे जातो आणि वार्षिक सीएसआर अहवालाला जोडला जातो. म्हणजे तुमची सही असलेला कागद मंडळ वाचतं, आणि उद्या कोणी पत्रकार किंवा गावातलाच शिकलेला मुलगाही वाचू शकतो. पंप चालू आहेत एवढंच छापून आलं आणि मे महिन्यात त्याच टाकीखाली रिकाम्या हंड्यांच्या रांगेचा फोटो निघाला, तर कंपनी बोट कुणाकडे दाखवेल?

अधिकाऱ्यांचीही बाजू आहे. प्रकल्प त्यांच्या कारकिर्दीत झाला, वरिष्ठांपुढे त्यांनाच उभं राहायचं आहे. त्यांना खलनायक करू नका. तुमच्याच पत्रात लिहिलं आहे की पॅनेल ठीक, मोटर ठीक, पण विहिरीने तळ गाठला होता. हा दोष पंपाचा नाही, खालच्या खडकाचा आहे. त्या पट्ट्यात पाऊस दांडगा पडतो, पण बसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी मुरून साठायला जागा थोडी. भेगा आणि झिजलेला थर भरला की उरलेलं सगळं दमणगंगा, नार, पार या नद्यांतून पश्चिमेला निघून जातं. फेब्रुवारीनंतर विहिरी आटतात. मग पुढच्या वर्षीचा निधी आणखी पंपांवर घालायचा, की झरे आणि विहिरींच्या पुनर्भरणावर, हे कंपनीला कशावरून कळणार? तुमच्या त्याच तक्त्यावरून. संपूर्ण अहवालात कंपनीच्या खऱ्या उपयोगाचं ते एक पान असेल, आणि नेमकं तेच काढायला निघाले आहेत.

म्हणून त्यांना फोन करू नका, मेल लिहा. साधारण असं: "तक्ता अहवालात राहील. पंप चालू असल्याचं मी त्याच्या आधी स्पष्ट लिहिलं आहे. आणखी ठळक करते. पाण्याच्या स्रोताबाबत कंपनी पुढे काय करणार आहे, हे कंपनीच्या शब्दांत एक-दोन पानं परिशिष्ट म्हणून जोडायला माझी हरकत नाही." मूल्यमापनाच्या क्षेत्रात ही जुनी, रुळलेली रीत आहे: निष्कर्ष अभ्यासकाचे, त्यावरचं म्हणणं संस्थेचं, दोन्ही एकाच बाइंडिंगमध्ये. बऱ्याचदा माणसं एवढ्यावर शांत होतात, कारण मंडळापुढे "आम्ही यावर काम सुरू केलं आहे" असं म्हणायची सोय होते. तक्ता मुख्य भागातून परिशिष्टात न्या म्हणाले तर माझ्या मते न्यावा, पण एका अटीवर: सारांशाच्या पहिल्या पानावर त्याचं एक वाक्य राहिलं पाहिजे. मंडळातले लोक पहिलं पान वाचतात, परिशिष्ट कुणी उघडत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही. आणि काहीच न ठेवता तक्ता गेलाच पाहिजे म्हणाले, तर अहवालावरचं तुमचं नाव आणि सही काढून घ्या आणि राहिलेल्या बिलाची आशा सोडा. महाग पडेल. किती महाग, हे आत्ताच कागदावर मांडून ठेवा. आकडा डोळ्यांसमोर असला की भीती आटोक्यात येते.

आता पैशांकडे. तुम्ही दिवसाला तीन हजार लावता. हा आकडा आला कुठून हेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलं आहे: शेवटचा पगार ६५ हजार, भागिले सव्वीस, झाले अडीच हजार, वर थोडे. स्वतःचं काम सुरू करणारे बहुतेक जण हाच हिशेब करतात आणि तो चुकीचा आहे. पगारदाराला सव्वीसही दिवसांचे पैसे मिळतात. तुम्हाला प्रपोजल लिहिण्याचे, मीटिंगला मुंबईला जाऊन येण्याचे, सीएकडे बसण्याचे, थकलेल्या बिलासाठी फोन करण्याचे आणि आजारपणाचे पैसे कोणी देत नाही. वर्षभरात बिलात लावता येतील असे दिवस तुमच्यासारखीच्या वाट्याला १२० आले तरी पुष्कळ. तीन हजार गुणिले १२०, म्हणजे तीन लाख साठ हजार. नोकरीत वर्षाला सात लाख ऐंशी हजार होते, वर पीएफ. बाकीची जी रक्कम उरते ती तुम्ही फील्डच्या खर्चात काटकसर करून काढता, म्हणजे सर्वेक्षकांसोबत एसटीने जाऊन आणि रात्री स्वतः फॉर्म तपासून. ते पैसे तुमच्या अभ्यासाचे नाहीत, अंगमेहनतीचे आहेत.

उलटीकडून मांडा. घर, विमा, लॅपटॉप, सहायकाचा पगार, म्हातारपणाची बाजूला टाकायची रक्कम असं सगळं धरून वर्षाला समजा १२ लाख लागतात. भागिले १२०. दिवसाला दहा हजार. हा आकडा वाचून तुम्हाला संकोच वाटेल. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते अशाच जागी लागू पडतं. एकदम तिप्पट करू नका. नव्या ग्राहकाला नवा दर सांगा, जुन्याला पुढच्या करारापासून. आणि कंपनी "बजेट नाही" म्हणाली तर हे लक्षात ठेवा: २०२२च्या बदलानंतर परिणाम-अभ्यासावरचा खर्च त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यांतली जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत सीएसआरमध्येच धरता येतो. तुमचं बिल त्या मर्यादेच्या आसपासही जात नाही.

दरापेक्षाही मोठी गोष्ट हप्त्यांची. तुमच्या करारात शेवटचे ४० टक्के "अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर" आहेत. हे वाक्य तुम्ही सहा वर्षं कॉपी-पेस्ट करत आला आहात, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. मंजुरी त्यांच्या हातात, म्हणजे तक्ताही त्यांच्या हातात. बदला. ४० टक्के करारावर सही होताच, ४० टक्के फील्डवर्क संपल्यावर, २० टक्के मसुदा सादर केल्यावर. "मसुद्यावर कंपनीने पंधरा दिवसांत तथ्यातल्या चुका दाखवाव्यात, त्या मी दुरुस्त करीन. निष्कर्ष आणि तक्ते अभ्यासकाचे राहतील," अशी दोन ओळींची अट घाला. कंपनीचा वकील खळखळ करेल, पण नियमच बाहेरचा अभ्यासक मागतो म्हटल्यावर त्याला फार ताणता येत नाही.

उधारीचं पोतं सव्वा हात रितं, आणि आपल्या धंद्यात त्याला आणखी एक भोक आहे. बिल फाडलं की १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात भरावा लागतो, पैसे खात्यात आलेले असोत वा नसोत. म्हणजे कंपनी चार महिने थकवते तेव्हा सरकारला तुम्ही पदरचे देता. त्यामुळे बिलाची वेळ टप्प्यांना बांधलेली बरी. दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर या आठवड्यात करा. सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला दोन हजार देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं करारात ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असं २००६चा कायदा सांगतो. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. तुम्ही कुणावर दावा लावणार नाही, मला माहीत आहे. तरी बिलाच्या वरच्या कोपऱ्यात उद्यम क्रमांक छापा. तो क्रमांक अकाउंट्सच्या माणसाच्या नजरेत भरतो आणि फाइल खालून वर येते.

आता तुमचा मूळ प्रश्न. चार राज्यं, तीन वर्षं, पुण्यात ऑफिस. हे आश्वासन तोंडी आहे. सीएसआरचा वार्षिक कृती आराखडा संचालक मंडळ मंजूर करतं. विभागातला अधिकारी तीन वर्षांचं काम चहा पिताना कसं देऊन टाकणार? उद्या त्यांची बदली झाली किंवा त्यांनी नोकरी बदलली, तर नवा माणूस स्वतःच्या ओळखीची एजन्सी आणेल. यात कुणाचा दुष्टपणा नाही, असंच चालतं. म्हणून कर्ज नको. तुमच्या यजमानांना हे असं सांगा: कंपनी लेखी करार करून वर्षाला किमान इतकं काम, सुरुवातीला उचल आणि बंद करायचं झाल्यास नव्वद दिवसांची नोटीस एवढं देत असेल, तर पुन्हा बसू. तोवर अंथरुणाबाहेर पाय नको.

पण "आहे तसंच राहावं" हेही मला पटत नाही, आणि इथे तुमच्या पत्रातल्या एका गृहीताशी माझं भांडण आहे. वाढ म्हणजे माणसं आणि चौरस फूट, असं तुम्हीही धरून चालला आहात आणि ते अधिकारीही. तुमच्या धंद्यात वाढ मोजायची झाली तर मी दोनच आकडे विचारीन: सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा वाटा किती, आणि एकही काम न येता किती महिने निघतील. आज पहिल्याचं उत्तर ६२ टक्के आहे. दुसऱ्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरून समजले.

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचं, म्हणजे अर्थशास्त्राच्या जुन्या संशोधन संस्थेचं, उदाहरण तुम्हाला जवळचं आहे. १९३० मध्ये ती उभी राहिली ती रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुढे पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती याच संस्थेतून. त्याच्याही आधी, १९१७ साली, पिंपळे सौदागर या तेव्हाच्या खेडेगावाचा अभ्यास प्रसिद्ध करणारे हॅरल्ड मान हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य, म्हणजे पगारदार. (आज त्या गावात टॉवर आणि आयटीवाले, मानसाहेबांना ओळखू यायचं नाही.) स्वतंत्र मत मांडणाऱ्याच्या घरात पीठ कुठून येतं, हा प्रश्न तेव्हाही होताच. तुम्हाला कुणी रावबहादूर भेटणार नाही, तेव्हा पुंजी स्वतःच घाला: सहा महिन्यांचा खर्च, वेगळ्या खात्यात, आवर्ती ठेवीने का होईना. ती भरेपर्यंत नवं फर्निचर नाही.

आणि ६२चे दोन वर्षांत ४० करा. त्या कंपनीला सोडायचं नाही, तिच्या बाजूला इतर उभे करायचे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांचे सीएसआर विभाग आहेत. त्यांना कायद्याने परिणाम-अभ्यास बंधनकारक नसेल, पण प्रकल्प सुरू करण्याआधीची पाहणी लागतेच. शेतकरी उत्पादक कंपन्या, रुग्णालयांचे ट्रस्ट, विद्यापीठातले प्रकल्प ज्यांना फील्डला जाणारी भरवशाची टीम मिळत नाही, अशांसाठी एक ठरावीक काम ठरावीक किमतीत विकायला ठेवा: तीन आठवडे, इतकी गावं, इतकी घरं, वीस पानी मराठी अहवाल, एवढे रुपये. त्यांना 'सल्लागार' परवडत नाही. किंमत लिहिलेली वस्तू परवडते. जनगणना २०११ आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी यांतले जिल्ह्याचे आकडे फुकट मिळतात. ते पहिल्या चार पानांत नीट मांडून दिलेत तरी निम्म्या संस्थांना ते नवं असतं.

चार राज्यांबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. तुमची ताकद अशी की पेठमधल्या आजीबाई कोकणा बोलीत काय पुटपुटल्या ते तुमच्या टीमला कळतं. शेजारच्या गुजरातमधल्या डांगमध्ये निभावेल. छत्तीसगडला तुमची माणसं दुभाष्या घेऊन फिरतील आणि "हो-नाही"ची उत्तरं घेऊन येतील. त्यापेक्षा तिथल्या तुमच्यासारख्याच छोट्या अभ्यासकाशी भागीदारी करा. काम आलं तर प्रश्नावली आणि तपासणी तुमची, फील्ड त्यांचं, पैसे करारात लिहिलेले. यात ऑफिस लागत नाही.

टीम वाढली की फॉर्म घरोघरी न जाता झाडाखाली बसून भरले जातात, ही पत्रातली तुमची दुसरी भीती रास्त आहे. पण तिला औषध आहे. सर्वेक्षकाला फॉर्ममागे पैसे देणं आधी बंद करा, दिवसाचा रोज द्या. फॉर्ममागे पैसे म्हणजे घाईला इनाम. मोबाइलवर फॉर्म भरायची कोबो किंवा ओडीके ही ॲप्स तुम्ही वापरताच, मग वेळ आणि जीपीएस रोज संध्याकाळी बघा. चाळीस मिनिटांची मुलाखत नऊ मिनिटांत झाली असेल तर त्या घरी दुसऱ्या दिवशी कुणीतरी गेलंच पाहिजे. दहातल्या एका घरी परत जायचं, चार प्रश्न पुन्हा विचारायचे. वयाचा रकानाही बघा: आपल्या खेड्यांत वय विचारलं की पस्तीस, चाळीस, पन्नास अशीच उत्तरं येतात. एखाद्याच्या फॉर्मांत सगळी वयं ३३, ३७, ४१ अशी नेमकी दिसली, तर आधी त्यालाच चहाला बोलवा.

ही तपासणी तुम्ही स्वतः रात्री जागून करता, तिथेच संशोधनाचा वेळ जातो. तुम्ही पत्रात जिचा ओझरता उल्लेख केला आहे ती सुपरवायझर मुलगी, जिने बंद नळाच्या गावांत तुम्ही सांगितलं नसतानाही विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली मोजली, तिला कायम पगारावर घ्या. पहिलं वर्ष जड जाईल. नव्या दराने दोन कामं मिळाली की निभतं. फील्ड आणि तपासणी तिच्याकडे, विश्लेषण आणि लिखाण तुमच्याकडे. आणि त्या अहवालाच्या आतल्या पानावर, फील्डवर्कखाली, तिचं पूर्ण नाव छापा. मेल पाठवण्याआधीच छापा, म्हणजे तक्ता काढायची वेळ आली तर तुम्हाला दोघींचा विचार करावा लागेल.